लेख आपला, किल्ली कोणाची?

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात एक भगिनी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती आमच्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. २००१ सालच्या वार्षिकांकात, आठवीत असताना, तिने आपल्या आजीवर एक लेख लिहिला होता. आणि आजी पौषात मांडावर म्हणत असे ती धालोची अकरा गीते त्या लेखात जशी ऐकली तशी उतरवून घातली होती. आजी आता हयात नाही. घरातील अंकाची प्रत एका पावसाळ्यात भिजून तिचा लगदा झाला. "बाई, मुलीला ती गीते शिकवावयाची आहेत. शाळेत एखादी प्रत असेलच ना?" असे तिने मोठ्या भरवशाने विचारले.

प्रत असावयास हवी होती. परंतु त्या सुमाराच्या दोन-तीन वर्षांचे अंक वाळवीने खाल्ले होते, आणि २००१ च्या अंकाची मधली आठ पाने तेवढी उरली होती. त्यांत तो लेख नव्हता. कपाटाच्या वरच्या खणात मात्र एक सीडी सापडली. तिच्यावर कोणी तरी वळणदार अक्षरांत लिहिले होते, 'वार्षिकांक २००१. जपून ठेवणे.' ती खरोखरच जपून ठेवलेली होती. संगणकखोलीतील जुन्या यंत्रात घातल्याबरोबर ती चालू झाली, फायलींची नावे पडद्यावर उमटली आणि आम्हां दोघींचे चेहरे उजळले. पहिली फाईल उघडू गेले, तर ती उघडेचना. ज्या प्रणालीत पाने लावली होती ती आमच्यापाशी आता नाही. दुसरी उघडली, पण तिच्यात मराठीचे एकही अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, कंस, तारका, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी! लेख तेथे होता, त्यातले काहीही नाहीसे झाले नव्हते, आणि तरीही तो वाचता येत नव्हता. "असू दे, बाई," एवढेच म्हणून ती भगिनी चहा न घेताच निघून गेली.

विद्यार्थी मित्रहो, मी कलाशाखेची पदवीधर. संगणकाच्या पोटात काय चालते ते मला विचारू नका, असे मी आजवर हसत हसत सांगत आले. त्या दिवसापासून मात्र तसे सांगावयाची मला लाज वाटू लागली. वर्षभर जाणत्यांना विचारीत राहिले, जमेल तसे वाचीत राहिले. त्यातून जे उमगले आणि त्यावरून माझे जे मत बनले, ते येथे मांडीत आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु ज्या अंकात तुमची पहिली कविता छापली जाते त्या अंकाच्या आयुष्याशी तो निगडित आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

संगणकास अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजावयाचे याचे एक कोष्टक असते. २००१ च्या सुमारास मराठी छपाईत जे फॉन्ट वापरले जात, त्यांतील पुष्कळांचे कोष्टक ज्याचे त्याचे वेगळे होते. पडद्यावर 'क' दिसे, परंतु आत दडलेला आकडा एखाद्या रोमन अक्षराचा असे. फॉन्ट त्या रोमन अक्षरावर मराठी आकृतीचा मुखवटा चढवी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडे. वस्तुतः भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी १९९१ सालीच एक सामायिक कोष्टक ठरवून दिले होते, आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५. हा क्रमांक पुण्यात, पणजीत किंवा पॅरिसमध्ये बदलत नाही, आणि तो वापरण्यासाठी कोणास दमडी द्यावी लागत नाही. तरीही ज्याने त्याने आपापले कोष्टक पुढे पुष्कळ वर्षे चालविले. आमच्या सीडीला जडलेला एक रोग हा.

दुसरा रोग अधिक खोल आहे. लेख म्हणजे केवळ अक्षरांची रांग नव्हे. त्यात मथळा असतो, परिच्छेद असतात, तक्ते असतात, तळटीपा असतात. हे सारे फायलीत कोणत्या क्रमाने व कोणत्या खुणांनी साठवावयाचे, याचेही नियम असतात. इंग्रजीत त्यास फॉरमॅट म्हणतात. मी येथे 'बांधणी' हा साधा शब्द योजते. पुष्कळ वर्षे ज्या कंपनीची लेखनप्रणाली, तिच्याच खिशात तिच्या बांधणीचे नियम, असा व्यवहार होता. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड' या प्रणालीची जुनी 'डॉक' बांधणी आपण सर्वांनी वापरली. जगातील कार्यालयांत तिचे राज्य होते. परंतु तिचे नियम कंपनीने सर्वांसाठी खुले प्रसिद्ध केले ते फेब्रुवारी २००८ मध्ये. तोपर्यंत इतर प्रणाली लिहिणारे लोक ती बांधणी चाचपून, अंदाजाने, कुलूप न मोडता आत काय आहे ते हुडकीत बसत.

येथे मला आमच्या गोव्यातील एक जुनी गोष्ट आठवते. भारतातील पहिला मुद्रणयंत्राचा साचा १५५६ साली गोव्यात आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले, परंतु रोमन अक्षरांत. कारण देवनागरीचे खिळे येथे नव्हते. यंत्र जे देईल ते भाषेने घ्यावे, ही रड आजची नव्हे. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. तथापि हस्तलिखिते राहिली. १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळुरास ते पुन्हा रोमन लिपीत छापले, आणि १९५६ साली पुण्यास निघालेली देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केली. या संपादकांना कोणा कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही. रोमन अक्षराने कोणता मराठी उच्चार दाखविला आहे, हे समजून घेण्याची वाट खुली होती. तीन शतके उलटली तरी ते पुराण वाचता आले. आमची सीडी पंचवीस वर्षांच्या आत मुकी झाली!

आम्ही कोंकणी बोलणारे लोक हे दुखणे घरातच जाणतो. देवनागरीत लिहिलेले पत्र रोमी वाचणाऱ्या शेजाऱ्यास उघडत नाही, आणि त्याचे आम्हांस. पण आम्ही एकमेकांची लिपी शिकू शकतो, एवढे तरी समाधान असते. ज्या लिपीची बाराखडीच गुप्त ठेवली आहे, ती कोणी कशी शिकावी?

या अडचणीवर उत्तर म्हणून जी चळवळ उभी राहिली, तिचे नाव खुली मानके. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीची एक कार्यालयीन प्रणाली होती. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली त्या प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. तिच्या बांधणीच्या पायावर ओएसिस या मानके ठरविणाऱ्या संस्थेत २००२ पासून काम चालले, आणि मे २००५ मध्ये 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट', संक्षेपाने ओडीएफ, हे मानक सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, त्यास २६३०० या क्रमांकाने मान्यता दिली. मानकाचा ग्रंथ सुमारे सातशे पानांचा. तो कोणीही वाचावा आणि त्याप्रमाणे प्रणाली लिहावी.

ही बांधणी किती उघडी आहे, याचा प्रयोग आम्ही नववीच्या मुलांबरोबर करून पाहिला. ओडीएफ पद्धतीने जतन केलेल्या निबंधाच्या नावातील शेवटची 'ओडीटी' ही अक्षरे काढून तेथे 'झिप' असे लिहिले. फाईल गाठोड्यासारखी सुटली. आत 'कंटेंट' नावाची एक फाईल होती. ती अगदी साध्या टिपणवहीच्या प्रणालीत उघडली, आणि खुणांच्या गर्दीत मुलांना आपलीच वाक्ये देवनागरीत दिसली. एक मुलगा ओरडला, "बाई, माझी चूकही तशीच आहे!" उद्या सर्व लेखनप्रणाली बुडाल्या तरी त्या मुलाचा निबंध त्याच्या चुकीसकट वाचता येईल.

आता प्रश्न असा की, इतकी सोयीची गोष्ट जगाने लगोलग का स्वीकारली नाही? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. सप्टेंबर २००५ मध्ये त्या राज्याने ठरविले की, १ जानेवारी २००७ पासून प्रशासनाचे दस्तऐवज ओडीएफमध्ये जतन करावयाचे. कारण सरळ होते: सरकारी कागद जनतेचे, ते शंभर वर्षांनीही जनतेला वाचता आले पाहिजेत. मोठे वादळ उठले. मायक्रोसॉफ्टने विरोध केला. माहिती-तंत्र विभागाचे प्रमुख पीटर क्विन यांच्या प्रवासखर्चाविषयी वृत्तपत्रातून संशय व्यक्त झाला. चौकशीत ते निर्दोष ठरले, परंतु मन विटून त्यांनी राजीनामा दिला. एक आक्षेप मात्र न्याय्य होता, आणि तो सांगितला नाही तर मी पक्षपाती ठरेन. अंध कर्मचाऱ्यांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी साधने त्या काळी वर्डबरोबर चांगली चालत, नव्या प्रणालींबरोबर नीट चालत नसत. खुलेपणाच्या नावाखाली आमच्यासाठी दार बंद करू नका, हे त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. अखेर ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने ओडीएफ कायम ठेवून मायक्रोसॉफ्टची नवी 'ओपन एक्सएमएल' बांधणीही आपल्या यादीत घेतली.

ही नवी बांधणी म्हणजे आज आपल्या फायलींच्या नावापुढे दिसणारी 'डॉकएक्स'. २००७ च्या ऑफिसबरोबर ती आली. डिसेंबर २००६ मध्ये एक्मा या संस्थेने ती मानक म्हणून मंजूर केली आणि मग ती आयएसओपुढे झटपट मंजुरीच्या मार्गाने आली. ग्रंथ सुमारे सहा हजार पानांचा! इतकी पाने थोड्या महिन्यांत कोणी वाचावी? ज्यांनी वाचली त्यांना त्यांत गमती आढळल्या. काही ठिकाणी नियम असा की, अक्षरांमधील अंतर 'वर्ड ९५ प्रमाणे' ठेवावे. आता वर्ड ९५ ते कसे ठेवीत असे, हे ग्रंथात कोठेच नाही. 'आईप्रमाणे मीठ घालावे' असे पाककृतीत छापावे, तसला हा प्रकार. दुसरी गंमत गणिताची. १९०० हे साल शंभराने भागले जाते, चारशेने भागले जात नाही. म्हणून ते लीप वर्ष नव्हे, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु लोटस १-२-३ नावाच्या जुन्या हिशेबप्रणालीत ते लीप वर्ष धरले होते. तिच्याशी जुळावे म्हणून एक्सेलनेही तसेच धरले, आणि त्या मसुद्याने ती चूक जगाचा नियम म्हणून पुढे ठेवली. २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस एक्सेलमध्ये आजही उगवतो. पाहून घ्यावे.

सप्टेंबर २००७ च्या मतदानात हा मसुदा मंजूर झाला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हा येथे दुरुस्त्यांची बैठक झाली, वर सांगितलेल्यांपैकी काही दोषांची डागडुजी झाली, आणि मार्चअखेरच्या मतदानात तो पार पडला. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा नकार दिला, आणि नंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील व व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारतानेही अपील केले. ऑगस्ट २००८ मध्ये ती अपिले फेटाळली गेली, आणि नोव्हेंबरात मानक २९५०० या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. आपल्या देशाने मोठ्या व्यापारी दडपणापुढे मान तुकविली नाही, याचा मला अभिमान वाटतो. पाठ्यपुस्तकात ही हकीकत नाही, म्हणून येथे लिहिली.

'आता डॉकएक्सचेही नियम छापील आहेत, मग तक्रार कसली?' असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. तिचे नियम प्रसिद्ध झाले ही जुन्या गुप्ततेपेक्षा फार चांगली गोष्ट झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु नियम वाचावयास मिळणे आणि ते पाळावयास मोकळीक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. या फरकाचे नाव पेटंट. शब्दकोशात त्यास 'एकस्व' म्हणतात.

लेखकाचा हक्क आणि पेटंट यांत गल्लत होते, म्हणून उदाहरण देते. मी खतखत्याची कृती लिहून छापली, तर माझी वाक्ये कोणी चोरू नयेत एवढाच माझा लेखकाचा हक्क. ती कृती वाचून तुम्ही खतखते रांधले, किंवा आपल्या शब्दांत ती पुन्हा लिहिली, तर मला बोलावयास जागा नाही. परंतु खतखते रांधण्याच्या रीतीवरच मला पेटंट मिळाले असेल, तर तुमच्या चुलीवर ते रांधावयासही माझा परवाना लागेल. तुम्ही माझी कृती कधी पाहिली नसेल, स्वतःच्या बुद्धीने ती रीत शोधली असेल, तरीही लागेल. वीस वर्षांपर्यंत असा हक्क चालतो. यंत्राच्या किंवा औषधाच्या बाबतीत या हक्काचे काही समर्थन करता येईल. लेख कसा बांधावा आणि कसा वाचावा या रीतीवर असा हक्क सांगितला, की कागद माझा, शाई माझी, विचार माझा, आणि वाचण्याची परवानगी मात्र तिसऱ्याची, अशी अवस्था येते.

ही नुसती शंका नव्हे. कॅनडातील टोरोंटो शहरी आय-फोर-आय नावाची एक लहान कंपनी आहे. दस्तऐवजातील मजकूर आणि त्यातील खुणा वेगवेगळ्या साठवाव्यात, व कोणती खूण मजकुरात कोठे येते त्याचा एक नकाशा ठेवावा, या रीतीसाठी तिने १९९४ साली अमेरिकेत अर्ज केला आणि १९९८ साली तिला पेटंट मिळाले. पुढे तिने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला की, वर्डमधील 'कस्टम एक्सएमएल' ही सोय आमच्या पेटंटाचा भंग करते. मे २००९ मध्ये टेक्सासमधील टायलर येथील ज्यूरीने २० कोटी डॉलर भरपाई ठरविली. ऑगस्टात न्यायालयाने ती एकूण सुमारे २९ कोटींवर नेली आणि ती सोय असलेला वर्ड विकण्यास मनाई केली. जानेवारी २०१० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वर्डमधून ती सोय काढून टाकावी लागली. ९ जून २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयानेही आय-फोर-आयच्या बाजूने निकाल दिला.

मोठ्यास छोट्याने नमविले म्हणून या गोष्टीस कोणी टाळ्या वाजवतील. प्रथम ऐकले तेव्हा मलाही मौज वाटली. परंतु त्या भांडणात तिसरा एक पक्ष होता, आणि त्याला कोणी न्यायालयात बोलाविले नव्हते. ज्यांनी त्या सोयीचा उपयोग करून आपले दस्तऐवज लिहिले होते, त्यांच्या फायली नव्या वर्डमध्ये उघडल्या की त्या खुणा गळून पडत. त्यांनी कोणाचे काय चोरले होते? दोन कंपन्यांचा तंटा, आणि खुणा पुसल्या गेल्या त्रयस्थाच्या कागदावरच्या.

या प्रकरणाने आणखी एक भ्रम दूर होतो. ओडीएफविषयी सन कंपनीने २००५ साली, आणि आपल्या बांधण्यांविषयी मायक्रोसॉफ्टने २००६ साली, 'आमच्या पेटंटांच्या आधारे आम्ही कोणावर दावा लावणार नाही' अशी जाहीर वचने दिली. वचन देणाऱ्याचे हात वचनाने बांधले जातात. जो बोललाच नाही त्याचे कसे बांधले जाणार? आय-फोर-आय ही अशीच न बोललेली होती. म्हणून मानक खुले असावे एवढे पुरे नाही. लेखनवाचनाच्या रीतींवर पेटंटच नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला सोबत मोठी आहे. ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने संगणकप्रणालींच्या पेटंटांविषयीचा प्रस्तावित कायदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के), २००२ च्या दुरुस्तीनुसार, असे सांगते की गणिती रीत, व्यापाराची रीत, केवळ संगणकप्रणाली आणि अल्गोरिदम हे शोध मानावयाचे नाहीत. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने या कलमाला एक खिडकी पाडली होती. उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा यंत्राशी जोड असेल तर पेटंट द्यावे, असा तिचा आशय. २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा ती खिडकी बुजविली. तथापि कलमातील 'केवळ' या शब्दाभोवती वकिलांचा खल अजून चालूच आहे. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की ज्या शोधाचा तांत्रिक परिणाम दिसतो तो निव्वळ संगणकप्रणालीवर आधारलेला म्हणून नाकारता येणार नाही. मराठीच्या शिक्षिकेस एका शब्दाचे एवढे वजन पाहून गंमत वाटते आणि धास्तीही वाटते.

नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण प्रसिद्ध केले. मानकासाठी लागणारी पेटंटे मानकाच्या सबंध आयुष्यभर विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. धोरण उत्तम. व्यवहार कसा? गेल्या पावसाळ्यात एका कार्यालयाकडून शाळेस मराठी परिपत्रक आले. उघडले तर सारे चौकोन. दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर मिळाले, "आमच्याकडे नीट दिसते." हे वाक्य मी वर्षभरात इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते भिंतीवर लिहून ठेवावेसे वाटते.

इतरांना बोल लावताना आपलेही पाहिले पाहिजे. या अंकासाठी विद्यार्थ्यांचे लेख लिब्रेऑफिस या विनामूल्य प्रणालीत घ्यावयाचे आम्ही ठरविले. पहिल्याच आठवड्यात पालकांनी पाठविलेल्या डॉकएक्स फायलींतील तक्ते मोडले, एका कवितेची कडवी पानाच्या उजवीकडे सरकली, आणि मी वैतागून जुन्या वाटेने जाण्याच्या बेतात होते. खुलेपणाला मेहनत पडते. ती पडत नाही असे सांगणारा फसवीत असतो. पण कडवी जागेवर बसविता आली, कारण ती कोठे व का सरकली हे पाहता येत होते. सगळे लेख युनिकोडमध्ये आहेत. मूळ प्रती ओडीएफमध्ये ठेवल्या आहेत, आणि छापील पानांची एक प्रत पीडीएफच्या त्या प्रकारात, जो दीर्घकाळ जपणुकीसाठी म्हणून २००५ साली आयएसओने ठरवून दिला. पालकवर्गास माझी विनंती एवढीच की, पुढील वर्षी लेख पाठविताना छायाचित्र किंवा जुन्या फॉन्टमधील फाईल पाठवू नये. ज्यांच्या घरी जुन्या अंकांच्या प्रती असतील त्यांनी त्या चार दिवसांसाठी शाळेस द्याव्यात, परत मिळतील.

त्या सीडीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दहावीच्या दोन मुलांनी ते कोडे अंगावर घेतले. वाळवीतून वाचलेली आठ पाने आणि सीडीवरील त्याच पानांचा चिन्हांकित मजकूर शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर आहे त्याचे कोष्टक त्यांनी वहीत तयार केले. तीन शनिवार गेले. मग त्या कोष्टकाने आजीवरचा लेख उलगडला. अकरापैकी नऊ गीते पूर्ण मिळाली. उरलेल्या दोहोंत एकेक जोडाक्षर असे निघाले की ते त्या आठ पानांत कोठेच आलेले नव्हते.

मी त्या भगिनीस निरोप धाडला. ती मुलीला घेऊन आली आणि कागद हातात घेऊन शिक्षकखोलीतच हलक्या आवाजात म्हणू लागली. पहिली अडलेली जागा आली, तेव्हा शब्द तिच्या तोंडून आपोआप निघून गेला. मुलांनी तो लगेच वहीत लिहून घेतला. दुसऱ्या जागी ती थांबली. डोळे मिटून तिने ती ओळ दोनदा म्हणून पाहिली. चाल आली, शब्द आला नाही. ती अकरा गीते या अंकात छापली आहेत, आणि त्या जागी तीन टिंबे आहेत.